रोहूचे गणगोत

रोहूच्या तोंडात दात नसतात. बाजारात ओट्यावर ठेवलेल्या ताज्या रोहूच्या तोंडात बोट घातले, तर मऊ, झालरीसारख्या कडेचे ओठ हाताला लागतात. वरच्या जबड्यावर किंवा खालच्या जबड्यावर टोचेल असे काही नाही. दात आहेत ते घशात. डोके उभे चिरून कल्ले बाजूला केले, की सर्वांत मागच्या कमानीवर दोन वाकडी हाडे दिसतात आणि प्रत्येकावर दातांच्या तीन ओळी असतात. त्यांच्या बरोबर वर, कवटीच्या तळाशी, नखासारख्या कडक पदार्थाची एक टिकली बसवलेली असते. खालचे दात वर येऊन या टिकलीवर अन्न रगडतात. पाटा वर आणि वरवंटा खाली, अशी ही उलटी मांडणी आहे. पुढे पोट, म्हणजे जठर, नाहीच. घशातून अन्न थेट आतड्यात जाते आणि रोहूसारख्या वनस्पतिजन्य अन्नावर जगणाऱ्या माशाचे आतडे त्याच्या अंगाच्या कितीतरी पट लांब असते.

घशातले असे दात आणि बिनदाती जबडे ही सायप्रिनिफॉर्मिस या गणाची ओळख आहे. रोहू, कटला, मृगळ, महसीर, काचेच्या भांड्यातला गोल्डफिश, प्रयोगशाळांतला झेब्रा मासा आणि ओढ्याच्या वाळूत तोंड खुपसणारी मुरी ही सगळी या एका गणातली भावंडे आहेत. जातींची संख्या साडेचार हजारांच्या पुढे गेली असून दरवर्षी तीत भर पडते. गोड्या पाण्यातल्या माशांपैकी सुमारे चौथा हिस्सा या एकाच गणाचा आहे. आशिया, युरोप, आफ्रिका आणि उत्तर अमेरिका एवढ्या खंडांत हे मासे मूळचे आहेत. दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे माणसाने नेऊन सोडेपर्यंत यांतला एकही नव्हता. समुद्राशीही त्यांचे फारसे जमले नाही. जपानच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरून अंडी घालायला नदीत परतणाऱ्या काही जाती हा ठळक अपवाद.

अस्थिमत्स्यांमधले त्यांचे स्थान थोडक्यात असे. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांचे मांसल पर असलेले आणि काड्यांच्या आधारावर पर ताणणारे असे दोन भाग पडतात. दुसऱ्या भागातल्या आधुनिक माशांत ऑस्टॅरिओफिसी नावाचा मोठा गट आहे. त्यात दूधमासा आणि त्याचे सोयरे, कार्प आणि मुऱ्या, पिरान्हाचे घराणे, शिंगाळा व मांगूर यांसारखे मिशाळ मासे आणि दक्षिण अमेरिकेतले विद्युत्मासे असे पाच गण येतात. रोहूच्या मांसातले दुफाटी काटे, ज्यांच्यापायी समुद्राच्या मासळीवर वाढलेली माणसे नदीचा मासा ताटात घ्यायला कचरतात, ही जुन्या घडणीची खूण आहे. हे काटे कण्याला जोडलेले नसून स्नायूंच्या थरांमध्ये सुटे रुतलेले असतात. पाल्यात ते आहेत, पापलेटात जवळजवळ नाहीत.

या पाच गणांपैकी पहिला सोडला, तर उरलेल्या चारही गणांना एक विलक्षण अवयव मिळालेला आहे आणि त्याच्यासाठी थांबायलाच हवे. १८२० साली एर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने कार्पच्या कवटीमागे बारीक हाडांची एक साखळी दाखवली. कण्याचे पहिले चार मणके इथे नेहमीसारखे राहिलेले नाहीत. त्यांचे तुकडे सुटे होऊन दोन्ही बाजूंना चार-चार हाडके तयार झाली आहेत. साखळीचे एक टोक पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे वाताशयाला, टेकलेले असते, तर दुसरे आतल्या कानाला. पाण्यातला आवाज माशाच्या अंगातून आरपार निघून जातो, कारण मांसाची आणि पाण्याची घनता जवळपास सारखीच. हवेची पिशवी मात्र त्या लहरींनी दबते आणि फुगते, ढोलकीच्या पानासारखी थरथरते. हाडकांची साखळी ही थरथर कानापर्यंत पोचवते. माणसाच्या कानातही तीन हाडकांची साखळी हेच काम करते, पण ती जबड्याच्या हाडांपासून घडली आणि माशाची मणक्यांपासून. एकाच अडचणीवर दोन घराण्यांनी वेगवेगळ्या लाकडातून कोरलेला हा एकच उपाय आहे. रोहूचे डोके रश्शात शिजले, की ही हाडके कवटीमागच्या चिकट भागात सुटी होतात. त्यातले सर्वांत मागचे, तीन टोकांचे हाडक सर्वांत मोठे असल्याने चिमट्याने उचलता येते.

माशांना ऐकू येत नाही असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बरेच जण मानत. कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ मध्ये शिटी वाजवताच बिळातून बाहेर येणाऱ्या एका मिशाळ माशाचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि तो समज मागे पडला. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावून १९७३ चे नोबेल मिळवणारे ते हेच फ्रिश. सायप्रिनिफॉर्मिस गणातल्या मिनो या छोट्या माशावर काम करताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. एका माशाची कातडी फाटली, तर पाण्यात उतरणाऱ्या रसायनाने सारा थवा भेदरून पांगतो. हे धोक्याचे रसायन कातडीतल्या खास पेशींत साठवलेले असते आणि ती ऑस्टॅरिओफिसी गटाची खासियत आहे.

ऐकण्याचे साधन असले की बोलणाराही निघतोच. डॅनिओनेला सेरेब्रम हा म्यानमारमधला मासा जेमतेम १२ मिलिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक आहे. त्याचे नर वाताशयावर एका कूर्चेचा ठोका मारून आवाज काढतात. माशाच्या एका अंगाएवढ्या अंतरावर तो १४० डेसिबलहून मोठा भरतो, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या डोक्यावर कवटीचे छप्परच नसल्याने जिवंत माशाचा मेंदू काम करताना भिंगाखाली पाहता येतो. त्याचाच जवळचा सोयरा म्हणजे झेब्रा मासा, डॅनिओ रेरिओ. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला आनुवंशिकीच्या अभ्यासात आणले. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच पूर्ण वाचला गेला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्याच्यात जोडीदार सापडले.

आकाराच्या दोन टोकांमध्ये तर अंतरच अंतर आहे. सुमात्राच्या दलदलीतल्या आम्लधर्मी काळ्या पाण्यातून २००६ मध्ये वर्णन झालेल्या पेडोसायप्रिस प्रोजेनेटिका या माशाची प्रौढ मादी ७.९ मिलिमीटरची होती. मेकाँग नदीतला महाकाय बार्ब पूर्वी तीन मीटरपर्यंत वाढे, असे जुने दाखले आहेत.

या पसाऱ्याची वर्गवारी करताना पुस्तके बराच काळ एका सोयीवर भागवत आली. लिनियसने १७५८ मध्ये कार्पला सायप्रिनस हे नाव दिले आणि त्यावरून निघालेले सायप्रिनिडी हे कुल पुढे फुगत जाऊन तीन हजारांवर जातींचे कोठार झाले. जे मुरी नाही आणि चूषकमुखी नाही, ते या कोठारात. डीएनएच्या अभ्यासातून शाखा स्पष्ट झाल्यावर टॅन आणि आर्मब्रस्टर या संशोधकांनी २०१८ मध्ये जुन्या उपकुलांना स्वतंत्र कुलांचा दर्जा दिला. ही फोड योग्यच झाली. रोहू आणि झेब्रा मासा एकाच कुलात ठेवल्याने त्यांच्यातल्या कोट्यवधी वर्षांच्या दुराव्यावर पडदा पडत होता. आता रोहू, महसीर, गोल्डफिश सायप्रिनिडीत राहिले. झेब्रा मासा, रासबोरा आणि चांदीच्या पात्यांसारखे आळकूट डॅनिओनिडीत गेले. चीनचे गवत्या आणि चंदेरा एका कुलात, युरोप-अमेरिकेतले मिनो दुसऱ्या कुलात. बिटरलिंग या माशांना स्वतःचे कुल मिळाले, आणि ते त्यांच्या संसाराला शोभते. विणीच्या काळात मादीला अंगाएवढी लांब नळी फुटते. ती नळी जिवंत शिंपल्याच्या फटीत घालून मादी त्याच्या कल्ल्यांत अंडी ठेवते, नर शेजारी शुक्रजल सोडतो आणि शिंपल्याच्या श्वासाबरोबर ते आत खेचले जाते. पिल्ले पोहण्याजोगी झाली, की शिंपल्यातून बाहेर पडतात.

चूषकमुखी मासे जवळजवळ सगळे उत्तर अमेरिकेतले. जाती ऐंशीच्या आसपास. त्यांतला बिगमाउथ बफेलो शंभर वर्षांहून अधिक जगतो.

मुऱ्यांची कुले अनेक, आणि जाती हजाराहून जास्त. तोंडाभोवती मिशा, लांबोडके अंग, कधी डोळ्याखाली उलगडणारा काटा. युरोपातली एक मुरी हवेचा दाब बदलला की अस्वस्थ होते. ती पृष्ठभागावर येऊन हवा गिळते आणि आतड्यातून प्राणवायू शोषते. थायलंडच्या गुहांमधली क्रिप्टोटोरा त्याहून थक्क करणारी. हा आंधळा मासा धबधब्याच्या ओल्या खडकावर पाली-सरड्यांच्या चालीने चढतो. त्याची कंबर मणक्यांना घट्ट जोडलेली आहे, चार पायांच्या प्राण्यांसारखी, हे २०१६ मध्ये दाखवले गेले. पुण्याच्या ओढ्यांतल्या मुरीचे वर्णन मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये केले आणि ती गोळा करणाऱ्या कर्नल एवेझार्ड यांचे नाव तिला दिले. याच नावाखाली बस्तरमधल्या कोटमसर गुहेतल्या फिकट मुऱ्यांवर, अंधारात दिवस-रात्रीचे भान कसे उरते याचा अभ्यास झाला. खंडाळ्याच्या घाटातून अ‍ॅननडेल यांनी १९१९ मध्ये वर्णन केलेला पॅराप्सिलोरिंकस हा उतारावरच्या वाहत्या पाण्यातला मासा. अशा ओढ्यांतल्या माशांवर आयुष्य घालवणारे सुंदरलाल होरा यांना एक कोडे पडले होते. ईशान्य भारत, मलाया आणि सह्याद्री यांतले मासे इतके सारखे कसे? सातपुड्याच्या रांगांवरून ते पश्चिमेकडे सरकले, असा सिद्धांत त्यांनी मांडला. भूगर्भाच्या पुराव्यावर तो वादग्रस्त ठरला, पण प्रश्न मात्र त्यांनी अचूक विचारला होता.

मत्स्यशेतीचा पसारा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एकच तारीख पुरेशी. रोहू, कटला आणि मृगळ पावसाळ्यात वाहत्या नदीत वितात, बांधलेल्या तळ्यात वीत नाहीत. त्यामुळे मत्स्यजिरे, म्हणजे जिऱ्याएवढी पिल्ले, नदीतून गाळून आणावे लागे आणि त्यात नको त्या जातींचीही भेसळ असे. १० जुलै १९५७ रोजी कटकला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांना वीण घ्यायला लावले. मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि मत्स्यबोटुकली हे शब्द आज महाराष्ट्रातल्या तलाव ठेक्यांच्या कागदांवर दिसतात, त्यामागे तो दिवस आहे.

या गणातली सर्वांत गोड गोष्ट मात्र नावांची आहे. शास्त्रीय नाव म्हटले की लॅटिन किंवा ग्रीक असा समज असतो. सायप्रिनिफॉर्मिसच्या नामावलीत बंगाली, सिंहली आणि मराठी ऐकू येते. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरचा ग्रंथ छापला, तेव्हा त्यांनी कोळ्यांच्या तोंडची नावे उचलून लॅटिन व्याकरणात बसवली. रोहिता, कटला, म्रिगाला ही नावे तशीच आली. बंगाली पुंटीवरून पुंटिअस. त्या ग्रंथाची चित्रे काढणारा हलुदार नावाचा तरुण बंगाली चित्रकार दोनशे वर्षांच्या विस्मृतीनंतर २०१३ मध्ये हलुदारिआ या सह्याद्रीतल्या पट्टेदार माशांच्या प्रजातीच्या नावात परतला. सिंहली भाषेत अशा छोट्या माशांना पेथिया म्हणतात, तेही एका प्रजातीचे नाव झाले. आणि केरळ-कर्नाटकातल्या तांबड्या-काळ्या पट्ट्याच्या देखण्या बार्बला सह्याद्रिआ हे नाव मिळाले.

दख्खनच्या नद्यांची नावनिशी झाली ती विल्यम हेन्री सायक्स यांच्यामुळे. मुंबई फौजेतल्या या अधिकाऱ्याला १८२४ मध्ये मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पिके, हवामान, लोकसंख्या आणि गावांचे कारभार मोजता मोजता ते पक्षी आणि मासेही टिपत राहिले. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तात आला आणि १८४१ मध्ये चित्रांसह विस्ताराने छापला गेला. भीमेच्या खोऱ्यातल्या भोई-कोळ्यांनी जी नावे सांगितली, ती त्यांनी कानाला लागली तशी इंग्रजी अक्षरांत उतरवली. ती पाने मोठ्याने वाचावीत: बार्बस खुद्री, बार्बस कोलुस, सायप्रिनस पोटेल, सायप्रिनस नुक्ता, कॉन्ड्रोस्टोमा फुलंगी, कॉन्ड्रोस्टोमा मुल्या, कॉन्ड्रोस्टोमा बोगुट, कोबायटिस मुरे, केला आळकुटी. पहिला शब्द युरोपचा आणि दुसरा नदीकाठचा. एका प्रजातीला तर रोहटी हेच नाव दिले, आणि तिच्यातल्या जातींना ऑगिल्बी आणि व्हिगर्स या लंडनच्या मंडळातल्या विद्वानांची नावे. मराठी आडनाव आणि इंग्रजी नाव, अशी ही उलटापालट आहे.

ही नावे नुसती गंमत नाहीत, त्यांच्यात निरीक्षण आहे. नुक्ता हा नाकावर शिंगासारखा उंचवटा आलेला, कृष्णा खोऱ्यातला मासा. चोचीवर तसाच उंचवटा असलेल्या बदकालाही नकटा म्हणतात. मळ्या म्हणजे सायक्सचा मुल्या, आजचा गारा मुल्या. हनुवटीखाली चकती असलेला हा मासा धबधब्याखालच्या शेवाळलेल्या दगडाला घट्ट धरून राहतो. त्याला हातात घेऊन उलटा केला, की चकतीच्या कडेची बारीक पुटकुळ्यांची रांग दिसते. अशाच पुटकुळ्या नराच्या नाकाडावर विणीच्या दिवसांत अधिक ठसठशीत होतात. कोळशी (सायक्सचा कोलुस) आणि खडशी (सायक्सचा खुद्री) या दोन्ही मोठ्या, अंगाने भरलेल्या, चांदीच्या झाकेच्या माशांत नवखा माणूस गोंधळतो. कल्ल्यामागून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध एक रेघ जाते. त्या रेघेवरचे खवले मोजले, तर खडशीचे पंचवीस ते सत्तावीस भरतात, प्रत्येक जुन्या रुपयाएवढा रुंद. कोळशीचे चाळिशीच्या घरात जातात. शास्त्रज्ञ ज्या मोजणीवर प्रजाती वेगळ्या करतात, ती नदीकाठच्या माणसाच्या नजरेत आधीपासून होती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लासात माशांच्या शिकारीचे प्रकरण आहे. त्यातही समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि कातडीचे अशी विभागणी केलेली आढळते. त्या माशांची आजची ओळख पटवण्याचे काम याच होरांनी केले.

सायक्सच्या कामाची एक मोठी अडचण अशी, की त्यांनी वर्णन केलेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. वर्णन त्रोटक, चित्र एखादे, आणि तपासायला बरणीत मासाच नाही. त्यातून झालेला सर्वांत मोठा घोळ मुसुल्ला या नावाचा. कावेरीतल्या पाठीवर कुबड असलेल्या, प्रचंड वाढणाऱ्या महसीराला गळ टाकणाऱ्यांनी आणि पुस्तकांनी कित्येक वर्षे टॉर मुसुल्ला म्हटले. सायक्सचा मुसुल्ला हा महसीरच नाही, तो कोळशीच्या घराण्यातला आहे, हे २०१३ मध्ये मांडले गेले. मग जगभर प्रसिद्ध असलेल्या त्या कुबडी महसीराला शास्त्रीय नावच उरले नाही. केरळातल्या पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णन झालेला टॉर रेमादेवी हाच तो, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

त्याच्यावर संकट आले त्यात दख्खनच्या महसीराचाही वाटा आहे. टॉर खुद्री, म्हणजे वरचा बार्बस खुद्री, हा सायक्स यांना पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला मासा, नदीकाठचा खडस किंवा खडशी. लोणावळ्याच्या वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पैदास केली, ते तंत्र बसवले आणि बोटुकली देशातल्या अनेक नद्या-जलाशयांत गेली. पैदाशीचे हे काम अव्वल दर्जाचे होते, यात शंका नाही. मात्र कावेरीत सोडलेला हा पाहुणा तिथे फोफावला आणि मूळचा कुबडी महसीर मागे पडत गेला. महसीर म्हणजे एकच मासा, असे समजून नद्या भरल्याचा हा परिणाम. नाव नीट लावणे किती महत्त्वाचे असते, याचे याहून कडू उदाहरण भारतीय नद्यांत दुसरे नाही.

खुद्रीला त्याच्या मूळ मुलखात पाहायचे, तर महाडजवळ काळ नदीवरचे वाळणकोंड गाठावे. कोंड म्हणजे नदीच्या पात्रातला खोल डोह. तिथली वरदायिनी देवी या माशांची राखणदार मानली जाते, म्हणून डोहात कोणी जाळे टाकत नाही. पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठच्या तिळसे येथेही मंदिराच्या आश्रयाने महसीर असेच राखलेले आहेत. वाळणकोंडच्या काठावरून चुरमुऱ्यांची मूठ फेकली, की आधी तळाशी काळसर सावल्या हलतात. मग एकेक मासा तिरका होऊन वर येतो, जाड ओठ पुढे काढून चुरमुरा ओढून घेतो आणि वळताना त्याची कूस क्षणभर उन्हात येते. त्या क्षणी मधल्या रेघेवरचे रुंद खवले एकेक करून वेगळे दिसतात, कडेला काळपट आणि मध्ये सोनेरी.